गुळाच्या रंगाचं चाक

दादानं डबा काउंटरवर ठेवला तेव्हा आतून किर्र असा बारीक आवाज आला, आणि माझ्या हातातलं वजन हातातच राहिलं. तराजूत तांब्याची तार होती, समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं, बाहेर दोन ऑटोवाले एकमेकांचा उद्धार करत होते. मला त्यातलं काही ऐकू येईना. झाकण उघडायच्या आधीच मला कळलं होतं की आत बाबांची चरखी आहे.

मासे धरायची चरखी. काठीला बांधायची, जिच्यावर गळाची दोरी गुंडाळतात ती. दोरी सुटायला लागली की ती किर्र करायची. या आवाजानं मी लहानपणी हसत असे. नंतर कित्येक वर्षं हाच आवाज आठवला की माझं डोकं तापत असे.

"वयखली का?" दादानं विचारलं.

"चरखी वयखली. तुले वयखाले वेळ लागते."

तो स्टुलावर बसला. अमरावतीहून बसनं आला होता, सदऱ्याच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. खांद्यावर दुपट्टा. केस पार पांढरे. आम्ही लग्नांत आणि मयतीत भेटतो, मांडवाच्या दोन टोकांना बसतो. माझ्या दुकानाची पायरी तो पहिल्यांदाच चढला होता. जठारपेठेतलं हे दुकान मी हातगाडीवरून उभं केलं. तांबं, पितळ, ब्रांझ, सळ्या, पत्रे, मोड. बाजारात मला भांडखोर बाई म्हणतात. म्हणू देत. भांडले नसते तर अजून गाडीच ढकलत असते.

"अमरावतीत दोघातिघाले दाखवली," दादा म्हणाला. "आतलं लहान चाक गेलं हाय. एक म्हने हे घाला, एक म्हने ते घाला. मंग एकजन म्हने, अकोल्याले जठारपेठेत एक बाई बसते, धातू हातात घेतला का सांगते. तोंडाची लय खराब हाय म्हने, पन नजर पक्की."

"मंग तू काय म्हनला?"

"काय म्हनीन. म्हनलं, ते मायी बहीन होय."

"असं म्हनला?"

तो बाहेर ऑटोवाल्यांकडे पाहू लागला. म्हणजे म्हणाला नसावा.

मी डबा उघडला नाही. गिऱ्हाइकाचं तांबं तोललं, त्याच्याशी नेहमीपेक्षा जास्त हुज्जत घातली, त्याला वाटेला लावलं आणि शेजारच्या हमीदभाईंकडे दोन चहा सांगितले. हमीदभाईंचं लेथ, धातू कातायचं यंत्र, माझ्या दुकानाला लागून आहे. मधल्या भिंतीला एक खिडकी आहे, त्यातून आमचं सामान आणि भांडणं दोन्ही जातात.

"उघड ना," दादा म्हणाला.

"उघडते. घाई काहून? इतकी वर्षं तर बंदच होती."

*

चरखी मलाच सापडली होती, हे आमच्या घरात आता कुणी बोलत नाही.

बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचा हंगाम असला की ते घरी आल्यावर त्यांच्या भुवयांवरसुद्धा रुई असायची. सरकीचा तो जड, तेलकट वास त्यांच्या सदऱ्याला, त्यांच्या डब्याला, अगदी त्यांच्या हातच्या भाकरीच्या घासालाही असायचा. हंगाम संपला की मशीन उघडायच्या, झिजलेले बुश, म्हणजे दांड्याभोवतीच्या धातूच्या जाड नळ्या, आणि चाकं काढायची, नवी बसवायची. त्या दिवसांत बाबा बाजारातून मोड आणत. अंगणात ढीग पडे. आई ओरडायची, "हे घर होय का भंगारखाना?" आणि मी त्या ढिगावर बसलेली असायची.

माझ्याकडे चुंबक होता. जुन्या लाउडस्पीकरातला, काळा, गोल, सुतळीला बांधलेला. मी तो ढिगावर लोंबकळत फिरवायची. चिकटलं ते लोखंड, बाजूला टाक. न चिकटलेलं खरं सामान. मग कानस. काळं पडलेलं, रंग दिलेलं, मुलामा चढवलेलं काहीही असो, कानशीचा एक हात मारला की आतलं खरं तोंड दिसतं. पितळ हळदीसारखं पिवळं. ब्रांझ लालसर, गुळाच्या खड्यासारखं. ॲल्युमिनिअम कानशीच्या दातांत चिकटून बसतं. पितळेचा कीस रव्यासारखा सुटा पडतो, ब्रांझचा जरा आखडून वळतो. दगडावर टाकलं की ब्रांझ बराच वेळ गात राहतं. आणि बोटं चोळून हुंगली की पितळेचा वास दुसऱ्या दिवशीच्या भाजीलाही लागतो. हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. बाबा फक्त एखादा तुकडा माझ्याकडे फेकत आणि म्हणत, "बोल." मी बोलायची. ते मान हलवत. तेवढं मला पुरायचं.

दादाला हे खपत नसे. तो मोठा, तो मुलगा, आणि बाबा तुकडा माझ्याकडे फेकत.

कुण्या साहेबाच्या बंद बंगल्यातलं सामान मोडीत निघालं होतं. त्या ढिगात चरखी आली. गंजलेल्या कढयांच्या खाली. मी ती बाहेर ओढली, दांडा फिरवला, ती किर्र करून थांबली. बाबांनी ती दोन्ही हातांत घेतली. एरवी मोर्णा नदीच्या डोहावर ते बांबूच्या काठीला दोरी बांधून बसत. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, देवळातून प्रसाद घेऊन आल्यासारखा.

उघडली तर आत दोन चाकं. दांड्याला जोडलेलं मोठं, आणि दोरीच्या रिळाला जोडलेलं लहान. मोठं एकदा फिरलं की लहान भराभर फिरतं, दोरी झटक्यात गुंडाळली जाते. पण मोठं चाक फुगलं होतं. पांढुरकं, भेगाळलेलं. मी नख लावलं तर कपचा निघाला.

"जस्ताचं ओतीव होय हे," बाबा म्हणाले. "आतून आजारी पडते. वरून दिसत नाई. एक दिवस बिस्किटावानी मोडते."

म्हणून नवं मोठं चाक करायचं ठरलं, आणि धातू निवडायचं काम माझ्याकडे आलं. लोखंड नको, पाण्यात गंजेल. पितळ चालेल, पण मोठा मासा लागला तर दाते वाकतील. मी अख्खा ढीग उपसला. जिनिंगच्या एका जुन्या यंत्राचा फुटका बुश निघाला, जाड, काळा. कानस मारली. गूळ! दगडावर टाकला तर आवाज अंगणभर फिरून आला. फक्त एका बाजूला राईएवढं भोक होतं, ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिलेला.

"भोक हाय," बाबा म्हणाले.

"दात्याच्या लय आत येते. दात्याले काई होत नाई."

"टाकून दे. दुसरा पाहू."

"हाच!"

मग बाबांनी दुपट्टा काढला.

हे जरा सांगायला पाहिजे. माझे आजोबा बैलांचे दलाल होते. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातावर कापड टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडे सांगतात. सगळा पंजा धरला की सौदा पटला, हात ओढून घेतला की मोडला. आणि कापडाखाली जे ठरलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, मरेपर्यंत. आजोबा गेले, बैल गेले, पण रीत आमच्या घरात राहिली. बाबा आमची भांडणंसुद्धा दुपट्ट्याखाली मिटवत. भांडी कोण घासणार, जत्रेला कोण जाणार, कुणी कुणाची माफी मागायची. दुपट्टा उचलला की विषय संपला, पुन्हा बोलायचं नाही. आई म्हणायची, "या घरात खरं ते समदं फडक्याखाली." तिचंच बरोबर होतं.

त्या दिवशी मी बाबांचा पंजा धरला आणि सोडलाच नाही. ते हसले. बुश पटला.

हंगाम नव्हता, कारखाना निजलेला होता. बाबांनी तिथल्या मशीनवर चाक कापलं, दाते पाडले आणि घरी आणून कितीतरी संध्याकाळी ते बारीक कानशीनं एकेक दाता घासत बसले. आई अंबाडीची भाजी निवडत बसायची, मी कंदिलाची काच पुसायची, आणि ओट्यावरून खर्र खर्र असा आवाज येत राहायचा. शेवटी त्यांनी चाकावर टोकदार पंच ठेवून एक टिंब मारलं. आपल्या हातच्या प्रत्येक वस्तूवर ते एक टिंब मारत. तेच त्यांचं नाव.

लहान चाकही झिजलं होतं. "ते मी आनतो," दादा म्हणाला. त्यानं अमरावतीहून कुठूनतरी आणलं. चकचकीत पिवळं. मी हात पुढे केला, कानस माझ्या हातात होतीच. त्यानं मूठ मिटली.

"सारं तूच पाह्यशीन का? चुंबक लाव पाह्यजे तर."

लावला. चिकटला नाही.

"पितय होय," दादा म्हणाला.

चुंबक पितळेलाही चिकटत नाही आणि जस्तालाही नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण बाबा म्हणाले, "बसव रे," आणि बसलं.

*

चहा आला. दादा बशीत ओतून प्याला, पूर्वीसारखाच, फुर्र आवाज करत. मला त्या आवाजाचाही राग आला.

"आता काहून पाह्यजे चरखी?" मी विचारलं.

"धारनीले जाऊन येतो म्हनतो. गुडघे हायत तवरक."

धारणी हा शब्द त्यानं माझ्या दुकानात उच्चारला. इतक्या सहज, जणू तिथं आम्ही फक्त भाकरी खायला गेलो होतो.

*

धारणीला गेलो तेव्हा उन्हाळा होता. बस आदळत आपटत घाटातून गेली, आईनं दिलेल्या ठेच्याचा वास सगळ्या बसभर पसरला, कुणीतरी ओकलं. खाली उतरलो तेव्हा रानातून मोहाचा गोडसर, आंबूस वास येत होता. तापीचं पाणी आटून डोहाडोहांत उरलं होतं. काळे, गुळगुळीत दगड असे तापले होते की पाय ठेववेना. आम्ही तिघंच. बाबांनी कणकेची गोळी गळाला लावली, काठी टाकली आणि आम्हाला बोटानं गप्प बसवलं. पाण्यावर काजव्यांएवढे उन्हाचे ठिपके चमकत होते. दूर कुठं तरी घंटा वाजत होती, गुरं पाण्यावर येत असावीत.

मग चरखी किर्र झाली.

तसा मासा बाबांना आधी कधीच लागला नव्हता. काठी कमानीसारखी वाकली. पाण्यात सोनेरी काहीतरी एकदा उलटलं, ताटाएवढी शेपटी दिसली. महाशीर! बाबा उठून उभे राहिले, पाय दगडाला रोवले, दांडा फिरवू लागले. मी ओरडत होते, दादा ओरडत होता. आणि एकाएकी आतून कट् झालं. दांडा नुसताच फिरू लागला, हलका, पोकळ. दोरी सुटत गेली. बाबांनी ती हातानं धरली. ती त्यांच्या तळव्यातून सुरीसारखी गेली. मग दोरीही गेली, मासाही.

बाबांच्या हातातून रक्त दगडावर पडत होतं आणि पडल्या पडल्या वाळत होतं.

दादानं चरखी उचलली, आमच्याकडे पाठ करून बसला, स्क्रू काढले. मी जवळ गेले तर म्हणाला, "थांब तिकडंच." मग वळला.

"मोठं चाक गेलं. भोकापासून फाटलं. बाईचा धातू नासका निंघाला."

आणि हातातलं काहीतरी त्यानं डोहात भिरकावलं.

टुबुक.

मी तो आवाज आयुष्यभर ऐकला आहे. भाव ठरवताना, दुकानाच्या तंट्यात कोर्टाच्या पायरीवर, दवाखान्यात आईच्या उशाशी. माझं चाक माझ्या तळहाताएवढं होतं. ते पडलं असतं तर डुबुक झालं असतं, जड, खोल. ते टुबुक होतं. एखाद्या लहान मुलानं खडा टाकावा तसं. पण एका आवाजाला कोण साक्षीदार मानतो? मी म्हणाले, "हे मायं चाक नव्हतं." दादा म्हणाला, "मंग बुडी मार, काढून आन." बाबांनी दुपट्टा तळव्याला गुंडाळला आणि म्हणाले, "चला."

परतीच्या बसमध्ये चरखी दादाच्या मांडीवर होती.

त्यानंतर बाबांनी माझ्याकडे तुकडा फेकला नाही. चरखी मला पुन्हा दिसली नाही; नदीवर ते दादालाच घेऊन जात, आणि बाबांमागे ती त्याच्याकडेच राहिली. मोड आली की दादाला हाक मारत. एके दिवशी माझा चुंबक त्याच्या कमरेला लोंबकळताना दिसला. सुतळी तीच होती. मी तो हिसकावायला गेले तर आईनं माझा हात धरला. नातेवाइकांत गोष्ट झाली, लग्नाकार्यात पंगतीत सांगितली जाऊ लागली: हिनं असा धातू निवडला की बाबाचा हात कापला गेला, मासा गेला. लोक हसायचे. मी एकदा भरली पंगत सोडून उठले. बाबा गेले तेव्हा त्यांच्या तळव्यावरचा तो पांढरा वण मी पाहिला, आणि रडायच्या आधी मला राग आला. म्हातारा माझ्या धातूला नासका समजून गेला.

*

मी डबा उघडला.

आधी वास आला. जुनं तेल, आणि त्याखाली नदी. खरंच नदी. मी स्क्रू काढले. नकळत दादाकडे पाठ करून बसले होते, मग आठवलं की त्या दिवशी त्यानंही पाठच केली होती, तशी मी वळून त्याच्यासमोर बसले. सगळं त्याच्या डोळ्यांदेखत.

मोठं चाक काळं पडलेलं होतं. फडक्यानं पुसलं. कडेला जुनी कानस हलकेच फिरवली.

गूळ!

मी चाक उलटलं. राईएवढं भोक. त्याच जागी. दात्यापासून लांब, जिथं मी म्हणाले होते तिथं. एकही दाता तुटलेला नव्हता, वाकलेला नव्हता. एका बाजूनं सारखे, गुळगुळीत झिजलेले, घरातल्या उंबरठ्यासारखे. मध्यभागी बाबांचं टिंब.

"हे मायं चाक होय," मी म्हणाले.

"हाव."

"हे तापीत पडलं होतं."

"मंग आता हाय ना हितं! म्या कुठी नाई म्हनलं?" तो बशीत पाहत म्हणाला. "तू आपलं लहान चाक पाय. स्टीलचं घाल. कडक. एकदा बसवलं का झंझट नाई."

खिडकीतून हमीदभाईंचं लेथ थांबल्याचं ऐकू आलं. ते कान देऊन ऐकत होते.

"त्या दिवशी काय फेकलं तुनं?"

"जाऊ दे ना वं. बुढे झालो आपन."

"काय फेकलं?"

"लहान चाक." तो इतक्या हळू म्हणाला की मी ते ओठांवरून वाचलं. "जस्ताचं निंघालं. अर्धं हातातच भुगा झालं. बाबाच्या हाताचं रक्त पाहून मले... तोंडातून निंघून गेलं. मंग मांघारी कसं घ्यावं?"

टुबुक. शेवटी एक साक्षीदार मिळाला.

मला वाटलं होतं, हा क्षण आला की माझ्या अंगातून काहीतरी सुटेल, ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. तेवढ्यात माझ्या बोटांना आणखी काहीतरी लागलं.

लहान चाक. आता आत जे होतं, झिजून दाते काट्यासारखे टोकदार झालेलं. मी त्यावर कानस मारली. हळदीसारखं पिवळं. कीस सुटा, रव्यासारखा. खरं पितळ. मी भिंग लावलं. त्याच्या तोंडावर, तेलाच्या काळ्या थराखाली, पंचानं मारलेलं एक टिंब.

मी ते टिंब अंगठ्यानं चोळत बसले. दादाचं लहान चाक तापीत गेलं होतं. म्हणजे हे नंतरचं. म्हणजे धारणीहून आल्यावर बाबांनी चरखी उघडली होती. म्हणजे त्यांनी माझं चाक पाहिलं होतं, धड, एकही दाता न मोडलेलं.

"बाबाले ठाऊक होतं," मी म्हणाले.

दादानं बशी खाली ठेवली.

"ठाऊक होतं ना रे? बोल!"

"पट्टी बांधेल हातानं उघडली," तो म्हणाला. "चाक पाह्यलं. मायाकडं पाह्यलं. मंग दुपट्टा टाकला."

"अन्?"

"अन् काय. दुपट्ट्याखालचं होतं ते. कसं सांगू?"

मी टेबलावर हात आपटला. वजनं उडाली. "ज्यानं ठरवलं तो मेला, पन जिच्यावर ठरवलं ती? मी जिती हाय अजून! अन् मले तुमी फडक्याखाली घालून ठेवलं!"

रस्त्यावरचा एक माणूस थांबून आत पाहू लागला. दादानं खांद्यावरचा दुपट्टा काढला. मला वाटलं घाम पुसतो आहे. त्यानं तो माझ्या हातावर टाकला, काउंटरवर चाक धरलेल्या हातावर, आणि खाली हात घातला. बोलायचं नाही, हा नेम आहे. दाखवायचं नाही असं आजोबांनी सांगितलेलं नव्हतं. त्यानं माझा सगळा पंजा धरला, आणि सोडला नाही. बराच वेळ. बाबांनी त्याचा असाच धरला असणार, पट्टीच्या हातानं. मान्य. तुझं झाकलं. विषय संपला.

मी हात ओढून घेतला.

"त्या सौद्यात तिसरं माणूस होतं," मी म्हणाले. "त्याले कोनी इचारलं?"

मी टेबलावर दोन्ही चाकं शेजारी ठेवली. गूळ आणि हळद. आणि मग माझ्यातल्या दुकानदारणीनं ते पाहिलं जे बहिणीला रागात दिसलं नव्हतं. लहान चाक जास्त फिरतं, म्हणून ते कडकच करतात. कुणीही केलं असतं. बाबा फिटर, कारखान्यात स्टीलचे तुकडे पायात येत. तरी त्यांनी मऊ पितळ घेतलं. कडक चाकानं माझं ब्रांझ खाल्लं असतं. त्यांनी लहान चाक झिजायला घातलं, माझं उरावं म्हणून. तोंड मात्र उघडलं नाही. पितळेशी ते बोलले, लेकीशी नाही. कानस घेऊन बसायला त्यांना संध्याकाळी मिळाल्या, पण "बाई, तुयं चाक चांगलं होतं" एवढं म्हणायला आयुष्य पुरलं नाही.

"मायी मजुरी ठरवू आधी," मी दादाला म्हणाले.

"सांग ना. जे म्हनशीन ते देतो."

"पैसा नको. उभा राह्य, अन् सांग. मोठ्यानं."

"काय सांगू?"

"तुले ठाऊक हाय."

त्यानं खिडकीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. घासाघीस आमच्या रक्तातच आहे. "चाकात दोष नव्हता," तो बसूनच म्हणाला.

"कोनाच्या?"

"मोठ्या."

"तेवढ्यात होत नाई. डबा उचल अन् अमरावतीची बस पाय."

"तुया चाकात दोष नव्हता."

"उभा राहून."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. दुपट्टा खाली पडला, त्यानं उचलला नाही. "मायी बहीन होय हे," तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "अन् हिचं चाक चांगलं होतं. माया चाकानं मासा गेला. अन् बाबाचा हात."

खिडकीतून हमीदभाई म्हणाले, "भाईसाब, आवाज अमरावतीपर्यंत पोहोचला. आता बसा." रस्त्यावरचा माणूस काहीच न समजून पुढे गेला. मला वाटलं होतं त्याहून तो सौदा लहान निघाला. पण रोख होता.

"चुंबक कुठी हाय माया?" मी विचारलं.

"हारपला असन. कधीचा."

खरं बोलत होता. ते मी सोडून दिलं. म्हणजे, सोडलं नाही. ठेवलं.

मग मी मागे गेले. स्टीलच्या सळ्या दाराशीच उभ्या असतात, त्या ओलांडून पितळेच्या रॅककडे. बोटाएवढी सळई काढली, टोकाला कानस मारली, हुंगली. खिडकीतून हमीदभाईंच्या हातात दिली, झिजलेलं लहान चाक नमुन्याला दिलं. "दाते याच्यावानी नको, हे मेलेले हायत," मी म्हणाले. "मोठ्या चाकाच्या मापानं पाडा."

दादा रॅककडे पाहत होता. "स्टील म्हनलं होतं ना म्या. पितय किती दिवस टिकन?"

"टिकत नाई. झिजते."

"मंग?"

लेथ सुरू झालं. पितळेचा पिवळा कीस उडून खिडकीच्या चौकटीवर पडू लागला, आणि दुकानात तो वास भरला, अंगणातल्या ढिगाचा, हंगाम संपलेल्या दिवसांचा, बोटांना चिकटून जेवणापर्यंत येणारा. दादानंही तो हुंगला. मी पाहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मी माझं चाक स्वच्छ पुसून काउंटरवर त्याच्यासमोर ठेवलं, भोक वरच्या बाजूला.

"झिजलं का येजो," मी म्हणाले. "दरवेळेस हे बाहेर काढून तुयासमोर ठेवीन, अन् तू पाह्यशीन. अन् तो दुपट्टा घरी ठेवून येजो."